लोरेटाचं काडतूस

हरणांचा हंगाम तोंडावर आला होता. व्हर्जिनियातल्या बंदुकांच्या दुकानात, रांगेत वेंडेलच्या पुढेच एक म्हातारं जोडपं उभं होतं. दुकानदार बाईंना समजावत होता.

"दोनशे तेवीसचं काडतूस हरणावर चालवायला इथे बंदी आहे, बाई. दोनशे त्रेचाळीस घ्या. कायद्यात बसतं, आणि बार उडाल्यावर खांद्याला धक्काही कमी."

"तेच द्या. खांद्याचं ऑपरेशन झालंय माझं."

"अगं लोरेटा, ते पोराटोरांचं काडतूस! शिकारीच्या कॅम्पवर तोंड कसं दाखवू मी?"

"तोंडाचं मला सांगू नकोस, हार्लन! तुझ्या त्या तोफेचा बार उडायच्या आधीच तू डोळे मिटतोस."

"पण दणका बघ ना तिचा!"

"दणक्यानं हरणं मरतात होय? नेम चुकला की कॅम्पवर शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकतात. त्या भिंतीवरची निम्मी लक्तरं तुझी आहेत! आणि वर्षभर मिटक्या मारत खातोस, ते हरीण कुणी पाडलेलं असतं?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! हरीण मारते मी आणि फुशारक्या मारतोस तू! द्या हो ती पेटी. आणि इथे स्वस्तातले शर्ट कुठे मिळतील? ह्याच्यासाठी."

वेंडेलनं हातातली मोठ्या काडतुसांची पेटी हळूच फळीवर परत ठेवली आणि शर्टाचं मागचं टोक पँटमध्ये खोचलं.