वरच्या ओळीतला कप्पा

नाही नाही कपिल, टपालाचा रॅक कुलपावाला नको घेऊ, माह्यं ऐक — दिसाले चांगला, पण चाव्या कोण सांभाळन? तुम्ही सहा जणं एका हापिसात, सहा धंदे, अन् पोस्टमन आला का साऱ्यायचं टपाल एका टेबलावर! त्यापरीस हा उघड्या कप्प्यायचा घे. जाता-येता दिसते, कोणाचं आलं, कोणाचं पडून राह्यलं. लोहाऱ्याच्या कारखान्यायत पत्र्याचे भेटतात, हो — पण पत्रा वाजते. बस, उभा कायले? नावं आत्ताच टाकून देतो. हा रहेमान मिस्त्री नाव टाकल्याबिगर कप्पे देते का कोणाले? माहा तनवीर हसे मले — अब्बा, आता स्टिकर भेटते, छापून लावा. मी म्हणो, स्टिकर निघते बेटा, रंग नाही निघत.

बरं, तुमच्या हापिसात खिडकीपाशी तनवीरच्या टेबलावर ती नवी पोरगी बसते ना आता — सुरभी? चांगलं झालं. टेबल रिकामा ठेवू नये. मीच तर म्हटलं होतं तुले, जनाज्याच्या दिवशी — का नव्हतं म्हटलं? मनात होतं मंग. थांब, ब्रशचा केस निघाला.

एक बोलू? त्याचं टपाल येतेच अजून. बँकेचं, त्याच्या सोलरच्या धंद्याचं… तू पोस्टमनले सांगतलं, घरी नेऊन देत जा. चांगल्या मनानं सांगतलं, मले समजते. पण नको सांगू. थो दारात येऊन पुकारते — तनवीर शेख! — अन् तुही चाची आतून पयत येते. घाटंजी रोडवर गाडी घसरली, आपल्या हातानं पोराच्या तोंडावरचं रक्त पुसलं तिनं, सारं माहीत हाय — पण नाव आयकलं का पयते. दारात येते अन् मंग तशीच उभी राह्यते. पोस्टमन तरी काय करन बिचारा, कागद देते हातात. नाही पाहवत मले थे, कपिल. म्हणून म्हणतो, एक कप्पा जास्तीचा बसवून देतो, खालच्या अंगाले. नाव नाही टाकत. त्याचं काही आलं तर त्यात टाकून ठेव, जुम्म्याची नमाज झाली का मी येऊन नेत जाईन, गुपचूप. भिंतीवर जागा नाही? अरे, चपलांच्या स्टँडच्या वर करू ना! …हो? हो म्हटलं ना? अल्ला तुले सुखी ठेवो रे बाबा. चाचीले काही बोलू नको पण.

झालं, हे शेवटचं. वरच्या ओळीतला, खिडकीच्या अंगाचा, सुरभीचा. पाह्य बरं, कसं उतरलं अक्षर? वय झालं, पण अक्षर नाही बिघडलं अजून… असा काय पाह्यतं? सुरभीच तर टाकलं ना मी —

अरे.

थो थिनरचा बोळा दे इकडं. ओलं हाय, निघते अजून. दे. …नाही, तूच पूस. माह्याच्यानं नाही होत. …अजून थोडं. तनवीरचा 'त' राह्यला बेटा, 'त' पूस. …बस. पोरीचं नाव मी उद्या टाकतो. तू जा आता. जा म्हटलं ना.