पोपटाला चालेल असं कुत्रं

— तर मी कुठे होते? हां. एक होती म्हातारी, एक होता तिचा पोपट, एक होता तिचा मुलगा, आणि माय-लेकाच्या मध्ये आडवा पडलेला एक शब्द. हसू नकोस पोरी, गोष्टच सांगतेय. तूच विचारलंस ना, तुमच्या या कुत्र्यांच्या निवाऱ्यात कुत्रं न्यायला आलेली बाई हातात पिंजरा घेऊन का आली म्हणून? मग ऐक. आणि ती म्हातारी कोण ते विचारायचं नाही, डोळे आहेत तुला.

पोपटाचं नाव मुकादम. म्हातारीचा नवरा खराखुरा मुकादम होता, वीटभट्टीवर. त्याने आवाज टाकला की अख्खी भट्टी चालायची. आता असा आवाज माणसाने घरी येताना चपलांबरोबर दाराबाहेर काढावा की नाही? नाही! हा आपला तोच आवाज घेऊन घरात. पाणी द्यायला गेलं — हाड! शेजारी बसायला गेलं — हाड! पोराने चित्र काढलं, बाबांना दाखवायला धावला — हाड! कुत्र्याला म्हणतात ते माणसांना. म्हातारीने पोपटाला गोड बोलायला शिकवताना जीभ झिजवली, ये बाळा, बस बाळा, आणि तो मेला शिकला एकच. नवरा गेला, शब्द तेवढा दांडीवर बसून राहिला.

मुलगा म्हणतो, आई, देऊन टाक तो पोपट कुणाला तरी. का द्यावा? अगं, त्याला काय ठाऊक त्याचा अर्थ? पेरूची फोड हवी असली की मान फुगवून, डोळे मिटून, असा लाडात म्हणतो — हाऽऽड. त्याच्या लेखी 'हाड' म्हणजे 'जेवलीस का'. पण मुलाला ते ऐकवत नाही. चांगला मिशावाला बाप्या आहे, बँकेत साहेब आहे, पण आतून 'हाड' आलं की त्याचं तोंड एवढंसं होतं, शाळकरी पोरासारखं. औषधं उंबऱ्यातून देतो आणि उंबऱ्यातूनच जातो. बाप गेल्यापासून घरात टेकला नाही. मला म्हणतो, तू का ऐकून घेतलंस? मी — म्हातारी म्हणाली, ऐकून घेतलं कुणी? ऐकलं आणि तिथंच बसले. ऐकून घेणं वेगळं आणि ऐकून बसणं वेगळं. नाही कळलं त्याला. तुला कळलं? राहू दे.

मग काय झालं — म्हातारी न्हाणीघरात घसरली. मोडलं-बिडलं काही नाही, पण उठता येईना. हाका मारून घसा बसला. मुकादमाने ओळखलं काहीतरी बिनसलंय, आणि त्याने जे येत होतं तेच ओरडायला सुरुवात केली — हाड! हाड! हाड! पाखरू ओरडून ओरडून दमलं, पण एक माणूस आलं नाही. का? शेजारीण नंतर डोळे पुसत म्हणते, अहो आजी, मला वाटलं तुम्ही कुत्रं हाकलताय!

झालं. मुलाने फर्मान काढलं — आज टेम्पो घेऊन येतो, सामान बांध, माझ्याकडे राहायचं, पोपट चालणार नाही. सून चांगली आहे हो, खोली रंगवून ठेवलीय तिने. पण ज्या घरातून मी नवऱ्याच्या हाडने हलले नाही, त्या घरातून आता मायेने हलू होय? म्हटलं, घरात कुणी असायला हवं ना, पडले तर ओरडायला? मग कुत्रं आणते. कुत्रं भुंकलं तर कुणी म्हणणार नाही की आजी कुत्रं हाकलताहेत. म्हणून आलेय, टेम्पो दारात लागायच्या आत. आता दाखव. फडकं काढते पिंजऱ्यावरचं.

हा? देखणा आहे. पण नको. बघ — मुकादमावरून नजर हलत नाही, पापणी लवत नाही, पुढचा पाय उचलून धरलाय. हा मनातल्या मनात जेवून मोकळासुद्धा झाला. शिकवलं तर शिकेल म्हणतेस? बाई गं, मी एकाला जन्मभर शिकवत होते. पुढचं. — पिल्लू तर नकोच. पिल्लाला खेळणं कोणतं नि खाऊ कोणता हे कळत नाही, आणि आमचा चोचीने बदाम फोडतो, याचं नाक किती मऊ आहे बघ. दोघांतला एक तरी फुकट जायचा. मला हवंय थोराड, पोट भरलेलं, पाखराकडे एकदा बघून मान फिरवणारं. — हां, ही पांढरी बरी वाटते... बोल रे मुकादम.

अगं अगं अगं! नुसतं हाड म्हणाला तर शेपूट पोटाखाली, आणि फरशी ओली केली बिचारीने. कुणी मारलं हिला एवढं? नको, नको. हा दिवसभर ओरडणार आणि ही दिवसभर भिंतीला चिकटणार. आवाज आला की हातातलं भांडं पडायचं, जेवताना घास अडकायचा, असं जगणं मी काय पाहिलं नाही? — नाही, मी भीत नव्हते! मी म्हणाले का तसं? भांडी हातातून सगळ्यांच्याच पडतात. पुढचं दाखव.

गप रे मुकादमा, पुरे आता. — थांब. ती कोण आली? ती गं, कोपऱ्यातली तपकिरी, एक कान फाटलेली. झोपली होती ना आत्ता? काय म्हणतेस, कधी उठतच नाही? बसस्थानकावर सापडली? आणि कुठल्याच नावाला ओ देत नाही — किती नावं ठेवून पाहिलीत? राणी, चंपी, ब्राउनी... बरं. मुकादमा, म्हण रे राजा परत.

बघितलंस? बघितलंस! शेपूट कशी हलतेय बघ, ढुंगणासकट! अगं वेडे, तुम्ही कशाला नावं शोधत बसलात, तिला नाव आहे की! टपरीवाला, हमाल, कंडक्टर, झाडूवाली — जो भेटला त्याने आयुष्यभर एकाच नावाने हाक मारली हिला. हाड! हिने धरलं, हे आपलंच. जगाने नावं ठेवली, आणि या बाईने त्यातलं एक उचलून स्वतःला ठेवलं! ये गं ये. हाडाबाई.

पट्टा आखूड धर. घाई नाही, मला ठाऊक आहे. पिंजरा उंच टांगायचा, दाराला तार, दोघांना मोकळं एकत्र सोडायचं नाही, आणि हिची लाळ त्याला लागू द्यायची नाही, पाखराला बाधते. सगळं करीन. पण आता बघ तू — बघितलं त्याच्याकडे... जांभई दिली... आणि मान फिरवून माझ्या पायावर हनुवटी टेकली. याहून जास्त काय हवं? उद्या मी पडले तरी हा हाक मारील, आणि ही धावत येऊन भुंकून गल्ली गोळा करील —

फोन. तोच असणार. — हं, बोल. घरी कशी असेन, बाहेर आहे. टेम्पो दारात? राहू दे उभा. नाही, मी येणार नाही, मी कुत्री घेतलीय. — गप रे मुकादमा! — ठेवू नकोस! फोन ठेवू नकोस, बाळा, ऐक आधी. ते भुंकलं ना, ती आमची. नाव? आत्ता पोपटाने हाक मारली तेच. हो, हाड. खरंच तेच. हाड म्हटलं की ही धावत येते, शेपूट हलवत येते, तिला कुणी सांगितलंच नाही रे की त्याचा अर्थ जा म्हणून... ऐकतोयस ना? अरे?

पोरी, थांब. थांब, हसतोय. माझा मुलगा हसतोय! हं, काय म्हणालास? — विचारतोय, काय खाते ती. आणि टेम्पो रिकामाच आहे, इकडे आणू का म्हणतो, पिंजरा नि ती दोघं मागे मावतील. आण, आण. आणि घरी? — आत येतोस? नक्की ना? बस तर जेवूनच जा, सुनेलाही बोलाव.

...

तू काय बघत उभी राहिलीस? पट्टा दे इकडे. गोष्ट संपली. जा, बाकीची भुंकताहेत तुझ्या नावाने.