खरं बोलणारे वानखेडे काका

माह्या लग्नाचं सांगतो. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं अन् मले सरकारी ऑफिसात बाबूची नोकरी लागली होती. तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या शेजारी वानखेडे काका राहत. जीव गेला तरी खोटं बोलणार नाहीत. गोंदियाहून मुलीचे वडील आले, ते माही चौकशी करायले नेमके त्यांच्याच घरात शिरले. मी भिंतीले कान लावून उभा.

"पोट्टा दारू पितो काय?"

"नाही."

"गुटखा?"

"नाही जी."

"मग काही वाईट सवय?"

मी कान अजून दाबला.

"गातो," काका म्हणाले.

"मोठ्यानं?"

"हव. रोज सकाळी. अन् बेसूर."

संपलं, म्हटलं. पण तिकडून हसण्याचा आवाज आला. "अहो, आमची पोट्टीबी तशीच गाते! दोन ठिकाणी जमलेलं लग्न मोडलं तिचं त्याच्यापायी!"

महिन्याभरात लग्न झालं. सहा महिन्यांनी काकांनी तिकडं दूर तेलीबांध्याले फ्लॅट घेतला. सामान ट्रकात चढवून राहिले होते, तेव्हा आम्ही दोघं भेटायले गेलो.

"काका, काहून चालले?"

काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग माह्याकडं.

"तू एकटा होता तोवर सहन केलं रे."