नामाहोरोबाईंकडचं दूध

(टेक्सस, फोर्ट वर्थ. एका अपार्टमेंटमधलं जेवणाचं टेबल. नामाहोरोबाई स्वाहिलीत बोलतात. त्यांचं बोलणं वल्लरी मराठीत सांगते.)

प्रतिमा : नको म्हणावं. मला शुगर आहे. आणि फ्रिस्कोहून तासभर ड्राइव्ह करून मी दूध प्यायला आलेले नाही.

वल्लरी : काकू, एक घोट तरी घ्या. यांच्यात पाहुण्याला आधी दूध देतात.

प्रतिमा : तुझा पीएचडीचा विषय म्हणून तू मला शिकवू नकोस. दोन वर्षं आपल्या मराठी चर्चचा हॉल वापरतेय ही आफ्रिकन मंडळी. मी ओळखत नाही होय?

वल्लरी : बन्यामुलेंगे, काकू. नाव तरी घ्या. काँगोच्या डोंगरपठारावरचे, गुरं राखणारे.

प्रतिमा : तेच ते. तिला विचार, परवा रविवारी दार आतून का लावलं? त्यांचा स्मरणदिन म्हणून आम्ही सोबत करायला गेलो. हार घेऊन, ढोल-ताशा वाजवत, स्तुतिगीत गात. पोरांनी महिनाभर प्रॅक्टिस केली होती. काचेतून बघते तर बाकं दाराला लावलेली आणि बायका जमिनीवर पालथ्या! वर पोलिसांना फोन. आमच्यावर! करायला गेलो एक नि झालं भलतंच. विचार तिला.

वल्लरी : विचारते... काकू, त्या म्हणतात, गातुंबालाही ते असेच आले होते. ढोल वाजवत, देवाची गाणी म्हणत.

प्रतिमा : ते कोण?

वल्लरी : मारणारे. गातुंबा म्हणजे बुरुंडीतली निर्वासितांची छावणी. काँगोतून जीव घेऊन पळालेले हे लोक तिथे तंबूंत राहत होते. दोन हजार चारचा ऑगस्ट. दीडशेहून जास्त माणसं गेली. गोळ्या घातल्या, तंबू पेटवले.

प्रतिमा : अरे देवा. आणि गात गात?

वल्लरी : यांच्या वडिलांना वाटलं, कुणीतरी प्रार्थनेला आलंय. म्हातारा माणूस, आनंदानं उठून बाहेर गेला. सगळ्यांत आधी तेच गेले.

प्रतिमा : पण अगं, आमचं गाणं तर मराठी होतं!

वल्लरी : चाल तीच होती. मिशनऱ्यांनी जी नगरला तुमच्या आजोबांना शिकवली, तीच यांच्या पठारावर. आणि यांच्या गावात ती आणली कुणी? यांच्याच वडिलांनी.

प्रतिमा : म्हणजे?

वल्लरी : घरातले पहिले ख्रिस्ती ते. खालच्या गावात जाऊन बाप्तिस्मा घेऊन आले. घरात हलकल्लोळ. जुने देव कोपतील, गुरं मरतील म्हणून बापानं गोठ्याकडे फिरकू दिलं नाही. आणि आईनं दूध बंद केलं. यांच्यात दूध नाकारणं म्हणजे तू आमचा नाहीस.

प्रतिमा : माझ्या आजोबांना भावकीनं विहिरीवर येऊ दिलं नव्हतं. माझी आजी मरेपर्यंत सांगायची.

वल्लरी : सांगते त्यांना... त्या म्हणतात, मग तुम्हाला कळेल. पुढे पंचवीसएक वर्षांत सगळं पठारच ख्रिस्ती झालं. दूध बंद करणारी आजी पहिल्या बाकावर बसायला लागली. वडील खोऱ्यात उतरून दुसऱ्या जमातींनाही ते गाणं शिकवायचे. म्हणायचे, एका बापाची लेकरं झालो, आता कुणी कुणाला मारणार नाही.

प्रतिमा : आणि तरी मारलं?

वल्लरी : त्या म्हणतात, मारायला आलेल्यांना सगळी कडवी पाठ होती.

प्रतिमा : तरी ही प्रार्थना करते?

वल्लरी : प्रार्थना करतात. गात नाहीत.

प्रतिमा : हे बघ, मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण आपल्या चर्च कमिटीतला तो राजीव हटून बसलाय. पोलीस आले, चर्चची शोभा झाली म्हणतो. येत्या रविवारी दोन्ही मंडळ्यांनी मिळून तेच गाणं म्हणायचं, समेट झाला असं सगळ्यांना दिसू दे. नाहीतर हॉल काढून घेऊ. मी तिच्या बाजूनंच आहे गं. एकच गाणं म्हणायचंय.

वल्लरी : हे मी ट्रान्सलेट नाही करणार.

प्रतिमा : कर. उद्या त्यांच्या पोराबाळांनी पार्किंग लॉटमध्ये उपासना करायची का? शिवाय क्षमा करायला प्रभूनंच सांगितलंय.

वल्लरी : ... सांगितलं.

प्रतिमा : मग? ती उठून कुठे चालली? रागावली का? वल्लरी, बोल की काहीतरी!

वल्लरी : रागावल्या नाहीत. येतायत.

प्रतिमा : ही तर हॉलची किल्ली! अगं, टेबलावर काय ठेवतेय? मी किल्ली मागायला नाही आले. त्यांना सांग. त्यांना म्हणावं, मी राजीवशी बोलते. गाणं राहू दे, आम्ही सांभाळून घेऊ. सांग ना!

वल्लरी : सांगितलं, काकू. त्या म्हणतात, किल्ली घेऊन जा.

प्रतिमा : आणि हे पुन्हा दूध कशाला?

वल्लरी : आधीचं गार झालं म्हणून दुसरं गरम केलंय. म्हणतात, माझ्या बापाला एकदा नाकारलं होतं, मी कुणाला नाकारत नाही. एवढं पिऊन मग उठा.