डॉक्टर कुठं हायत?

माझं मूळ गाव जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाच्या शिवंला लागून, म्हंजे गावात निम्मी माणसं कानडी बोलायची, निम्मी मराठी, आन भांडताना सगळीच दोनी बोलायची. माझं नाव मल्लाप्पा. आमचा बा बैलांच्या खुराला पत्र्या मारायचा. बाजारादिवशी लिंबाखाली बसायचा, हातोडी, खिळं आन एक दोरी, एवढाच त्येचा कारखाना. बैल पाडायचा कसा हे त्येनं मला शिकिवलं. काय सांगू तुमाला, बैल ताकदीनं पडतच न्हाई बगा, दोरी कुठनं घिऊन कुठं आवळायची हे कळलं की दोन माणसांत पडतो, आन पडताना त्येला लागता कामा नये. बा म्हणायचा, मल्लू, जनावराला कळलं न्हाई पायजे की आपुन पडलो, त्येला वाटलं पायजे आपुन बसलो. ती दोरी अजून माझ्यापाशी हाय. दावतो नंतर.

धावी झाली, पुढं डोस्कं चाललं न्हाई. तेवढ्यात सातारा जिल्ह्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचराची जागा निघाली, तर मुलाखतीला साहेबानं विचारलं, जनावर धरता येतं का रं? मी म्हणलं, साहेब, पाडता येतं. साहेब हसला आन मला घेतलं. पंधरा-सोळा वर्सं साताऱ्यात काढली, मग मेढ्याच्या पुढं घाटाच्या अंगाला एक दवाखाना हाय तिकडं टाकला, तो आजपातुर तिथंच. परिचर म्हंजे काय, तर दवाखाना झाडायचा, भांडी-सुया उकळून ठेवायच्या, जनावर खोड्यात घालायचं, धरायचं, आन डॉक्टर म्हणतील तसं करायचं. सुई टोचायची न्हाई. हे कागदावर.

आता कागदावरचं सोडा. आमचं त्या येळचं डॉक्टर, त्यांचं गुडघं लवकरच गेलेलं, आठवड्यातनं तीन दिस यायचं, आन वाड्या-वस्त्या सगळ्या डोंगरात. मला म्हणायचं, मल्लाप्पा, तूच जाऊन ये जा, ताप असंल तर ही सुई, पोट फुगलं असंल तर ही बाटली. मी जायाचो. हात माझा चांगला, खोटं कशाला बोलू. म्हस मला बघून कान टवकारायची न्हाई. मग माणसं म्हणाया लागली, डॉक्टर आलं, डॉक्टरांना च्या ठेव. पयल्यांदा मी म्हणायचो, आवं मी डॉक्टर न्हाई, परिचर हाय. ती म्हणायची, आमाला तुमीच डॉक्टर. मग मी म्हणायचं सोडून दिलं. खरं सांगू का, गोड वाटायचं. मेढ्याच्या बाजारात भाजीवाल्या माझ्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणायच्या आन ही बया दोन मेथीच्या जुड्या जास्त घिऊन यायची. वीस वर्सात त्या खोऱ्यात माझं नाव कुणाला ठावं राहिलं न्हाई.

म्हातारं डॉक्टर रिटायर झालं आन वैशाली मॅडम आल्या. सांगलीच्या, विश्रामबागेतल्या, वडील कॉलेजात नोकरीला. घरात जनावर म्हणाल तर एक मांजर. अंगानं बारीक, चष्मा. मी मनात म्हणलं, ही बाई म्हशीच्या अंगाखाली गेली तर सापडायची न्हाई. पयल्याच दिवशी एक म्हातारबा गाय घिऊन आला. मॅडम खुर्चीत बसलेल्या, गळ्यात ते कानात घालायचं यंत्र, समोर टेबल, आन तो दारातनं विचारतोय, ताई, डॉक्टर कुठं हायत? मॅडम उठून बोलणार, एवढ्यात मागनं मी आवाज दिला, आलो, आलो.

बगा, हे दोन शब्द. आज सांगतानाबी कान तापत्यात. त्या बाईनं शिकायला पाच-सहा वर्सं घातली असतील आन मी कापसाचा डबा हातात घिऊन म्हणतोय आलो, आलो. मॅडमनी गाय तपासली, गाभण न्हाई म्हणून सांगितलं, तर म्हातारबा माझ्याकडं बघून विचारतोय, व्हय का वो डॉक्टर? मी मान हालवली तवा त्येला पटलं.

सांजच्याला कुलूप लावताना मॅडम म्हणाल्या, मल्लाप्पा, उद्यापासून सुई मी देणार, तुम्ही जनावर धरायचं, आणि मला न विचारता कुठलीही बाटली कपाटातून निघणार नाही. मी म्हणलं, बरं. आन आतनं पेटलो. पोरीच्या वयाची बाई मला कपाट शिकवतीया. दोन म्हयनं मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. च्याचा कप असा आपटायचो टेबलावर की बशीत निम्मा सांडावा. त्या तो बशीतला परत कपात वतून प्यायच्या. तवा तर मला अजून राग यायचा.

पर काम बाईचं नंबरी, हे मलाबी गिळावं लागलं. एका वस्तीवर म्हस अडलेली, रेडकाची मान मागं मुरगाळलेली. मॅडम शेणामुतात आडव्या झाल्या, खांद्यापातुर हात आत, चष्मा माझ्या खिशात. दीड तास. मी आदी म्हस दाबून धरली, मग दोरीनं वढतोय आन त्या सांगत्यात, थांबा, आता, थांबा, आता. रेडकू जितं निघालं. मला इतकं बरं वाटलं बगा, आमी दोगंबी हसलो, पयल्यांदाच. आन घरमालक काय म्हणला? डॉक्टर हुते म्हणून वाचली. आन हात माझं धरलं. मॅडम हौदावर हात धूत हुत्या. मला म्हणायचं हुतं की आवं त्यांनी वाचवली. जिभेवर आलतं. पर म्हणलो न्हाई.

आता सुभेदारांचं सांगतो. सुभेदार म्हंजे फौजेतनं रिटायर झालेला माणूस, मिशा अजून ड्यूटीवर. त्येनं एक संकरित गाय आणलेली, लय दुधाची, आन तिचं नाव ठेवलेलं मेमसाब. पोटच्या पोरीसारखी जपायचा तिला, पंखाबी लावलेला गोठ्यात. ती सकाळी व्याली आन दुपारी बसली ती उठंना. मॅडम साताऱ्याला मीटिंगला गेलेल्या. मी गेलो तर मान पोटाकडं वळलेली, कान गार पडलेलं. दूधताप. म्हंजे नाव ताप, पर अंग गार पडतं; अंगातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरतं आन गाय ढासळती. मी मॅडमला फोन लावला. त्या म्हणाल्या, निघालेच, तासाभरात पोचते, पोत्यांचा टेकू देऊन तिला छातीवर बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका, आणि शिरेत काही घालू नका, मी आल्यावर घालू. दोनदा म्हणाल्या, मल्लाप्पा, ऐकलं ना? म्हणलं, ऐकलं.

पोती लावली. सुभेदारीण बाई गायीचं तोंड मांडीवर घिऊन बसलेली. सुभेदार येरझारा घालतोय. मला म्हणला, डॉक्टरसाब, आप हो ना इथं, मग त्या पोरीची वाट कशाला बघायची? माझी मेमसाब जातीया आन तुमी पोती लावताय? आन मला बी वाटलं, म्या काय कमी बाटल्या लावल्यात का? वीस वर्सं लावतोय. त्या यायच्या आत गाय उभी करून दावतो. पिशवीत बाटली हुती. हां, मॅडमनी, मला न विचारता बाटली निघायची न्हाई म्हणलं हुतं, पर माझ्या पिशवीत कायम एक असायची, जुनी सवय.

ती बाटली कोमट करून, थेंब थेंब, कानात यंत्र घालून काळजाचे ठोकं ऐकत घालायची असती. हे मला ठावं हुतं. ठावं असून म्या गारच लावली आन हात वर करून धरली, भराभर जावी म्हणून. कशासाठी? मॅडमची जीप यायच्या आत व्हावं म्हणून. निम्मी बाटली गेली आसंल. मेमसाब थरथरली, एकदा हंबरली, मान सुभेदारीण बाईच्या मांडीवरनं खाली गेली आन खलास. मी सुई काढली. उरलेली बाटली पिशवीत कोंबली.

आन मग काय झालं ऐका. मला कुणी बोट लावलं न्हाई. एक माणूस मला म्हणला न्हाई की तू काय केलंस. सगळी म्हणाली, ती बाई मीटिंगा करत बसली, डॉक्टर बिचारं एकलं काय करणार? मॅडम पोचल्या तर अंगणात शिव्या. त्यांनी गाय बघितली, गळ्याची शीर बघितली, माझ्या पिशवीकडं बघितलं. त्यास्नी कळलं. मी वाट बघतोय, आता बोलतील, आता बोलतील. त्या सुभेदारीण बाईपाशी बसल्या, पाठीवर हात ठेवला, आन उठून जीपकडं गेल्या. वाटंत एवढंच म्हणल्या, मी कुठं होते ते मी सांगेन, तुम्ही काय केलं ते तुम्ही सांगायचं, तुमचं मी सांगणार नाही.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला जेवाण जाईना. बायकोला सांगितलं तर ती म्हणली, गप बसा, दोन वर्सं राहिली नोकरीची, गाय काय परत येणार हाय का? तिचं बी बरोबरच हुतं.

सुभेदारानं मॅडमच्या नावानं तक्रार केली. साताऱ्यासनं मोठं साहेब चौकशीला आलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, गाव जमा झालं. साहेबांनी अर्ज वाचला, आन वाचता वाचता थांबलं. म्हणलं, सुभेदार, तुम्ही लिहिलंय, मॅडम वेळेवर आल्या नाहीत, आणि खाली लिहिलंय, डॉक्टर हजर होते, त्यांनी लगेच बाटली लावली. म्हणजे इथं डॉक्टर किती? सुभेदार म्हणला, सर, ह्या मॅडम, आन हे आमचं डॉक्टर. आन बोट माझ्याकडं. त्या माणसानं ते मानानं लिवलं हुतं बगा, माझी कड घ्यायला. साहेब माझ्याकडं बघाया लागलं, मग मॅडमकडं. मॅडम खाली बघत हुत्या.

मी उभा राहिलो. म्हणलं, साहेब, मी डॉक्टर न्हाई. मी परिचर, मल्लाप्पा. मॅडमनी फोनवर दोनदा सांगितलं हुतं शिरेत काय घालू नगा. मी घातली. गार घातली, भराभर घातली. गाय माझ्या हातानं गेली. ह्यात त्यांचं काय न्हाई.

सुभेदार उठला, माझ्यासमोर आला, मला वाटलं मारतोय आता. त्येनं मारलं न्हाई. म्हणला, डॉक्टर न्हवता, तर डॉक्टर म्हणून हाक मारल्यावर वीस वर्सं ओ का दिलीत? आन निघून गेला.

साहेबांनी माझा जबाब लिवून घेतला आन म्हणलं, ह्याला इथून हलवतो. तवा मॅडम बोलल्या. म्हणल्या, सर, शिक्षा द्या, पण बदली नको. असं जनावर धरणारा माणूस मला मिळणार नाही, रेडकाची मान मी वळवली तेव्हा म्हैस ह्यांनी धरली होती म्हणून माझा हात शाबूत आहे. आणि लोक ह्यांना डॉक्टर म्हणतात हे मी पहिल्या दिवसापासून ऐकत होते, तेव्हाच बोलायला हवं होतं, ती चूक माझी. मला लेखी ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली, आन मी तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी च्याचा कप ठेवताना हात इतका जपून ठेवला की मॅडमच म्हणल्या, मल्लाप्पा, बशी फुटायची नाही, ठेवा.

गावात अवघड गेलं. काय माणसं तोंड फिरवायची, काय मुद्दाम म्हणायची, या डॉक्टर. मी म्हणायचो, मल्लाप्पा म्हणा. दवाखान्यात कुणी माझ्याकडं बघून विचारलं की मी आतल्या खुर्चीकडं बोट करायचो. शिकली माणसं हळूहळू. सुभेदार मातूर वर्षभर पायरी चढला न्हाई.

आन मग एक दिवस आला. दारात उभा, मिशा तशाच, पर चेहरा उतरलेला. दुसरी गाय आणलेली, तिच्या खुरात काय तरी झालतं, कुणाला हात लावू दिईना. म्हणला, डॉक्टर कुठं हायत? मला वाटलं मलाच टोचतोय. तर मॅडम बाहीर आल्या, तसा त्येनं टाचा जुळवून सलाम ठोकला, म्हणला, डॉक्टरसाब, चला. आन मग माझ्याकडं न बघता म्हणला, मल्लाप्पा, तुमीबी या, दोरी घिऊन. पाडायला तुमीच लागताय.

गाय पाडली. अशी बसवली म्हणा की तिला कळलं न्हाई. मॅडम खुरात काम करत हुत्या आन सुभेदारानं मान धरलेली, आमी दोगं समोरासमोर, आन निघताना त्येनं ताकाचा तांब्या पयला माझ्या हातात दिला. मी तिथंच रडलो, काय लाजायचं त्यात.

आता चार म्हयनं राहिलं माझं. मॅडमची बदली सांगलीकडंच झाली, घराजवळ, चांगलं झालं. फोन करत्यात, आता माझंबी गुडघं दुखत्यात, कसं हायत विचारत्यात. जिथं हायत तिथं सुखात राहू द्या, हाताला यश येऊ द्या त्यांच्या. माझ्या बायकोला मेढ्याच्या बाजारात अजून डॉक्टरीणबाईच म्हणत्यात, किती येळा सांगितलं तरी, आन ती बया अजून मेथी जास्त आणती. तिचं राहू द्या. तुमी मातूर हे लिवताना वर माझं नाव घालशीला, तर नुसतं मल्लाप्पा घाला. आन कंसात परिचर.