अडवायचं, पण धरायचं नाही

सन्माननीय अध्यक्ष गणपतराव, माझ्या शेजारी संकोचून बसलेले आपले वस्ताद हंबीरराव, तालमीचे पंच आणि मल्लमंडळी, डाव्या अंगाला बसलेल्या आयाबहिणी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दारातच उभे राहणारे आमचे तरुण मित्र, सर्वांना माझा नमस्कार.

आजचा सत्कारमूर्ती पृथ्वीराज हा माझा नातू, माझ्या क्रांतीचा मुलगा. घरच्या माणसानं घरच्या पोराबद्दल बोलू नये, एवढं मला कळतं. पण अध्यक्ष म्हणाले, "आण्णा, उद्या पोरगं विमानात बसणार, तुमीच बोला." त्यांचा शब्द मोडवला नाही.

आमचे जावई शिरोलीच्या फौंड्रीत होते. तिथून अमेरिकेला गेले. पोरगा तिकडंच वाढला आणि तिकडचा फुटबॉल खेळायला लागला. कोल्हापूरकरांना फुटबॉल कुणी सांगायचा? पण हा तो नव्हे, मंडळी. यांचा चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, आणि खेळ सगळा हातानं. आमच्या मंडळींनी, झुंबरबाईंनी, नातवाला विचारलं, "मग त्याला फुटबॉल कशाला म्हणतासा?" तो म्हणाला, "आज्जी, ते मलाबी कुणी सांगिटलं न्हाय."

हा ज्या जागेवर खेळतो तिला टाइट एंड म्हणतात. रांगेच्या टोकाला उभं राहायचं. कधी पुढं पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलायचा. कधी चेंडू दुसऱ्याकडं असतो, तेव्हा समोरून येणाऱ्या रेड्यासारख्या गड्याला अडवून आपल्या माणसाला वाट करून द्यायची. झेलण्यात आमचा पृथ्वी पटाईत. अडवण्यात कच्चा. तुम्ही म्हणाल, मग काय बिघडलं? जो झेलतो त्यानं झेलावं. पण त्याच्या प्रशिक्षकांनी जे सांगितलं ते मला फार पटलं. ते म्हणाले, "तू नुसता झेलणारा आहेस हे सगळ्यांना माहीत आहे. तू मैदानात पाऊल टाकलंस की समोरच्यांना कळतं, आता चेंडू फेकणार. तुझ्यामुळं आपला डाव आधीच फुटतो." ऑगस्टात पुन्हा निवड आहे. तोवर अडवायला शिकला नाही तर संघातून बाहेर. गेली पाच-सहा वर्षं त्या पोरानं दुसरं काही मनात आणलेलं नाही हो.

म्हणून क्रांती सुट्टीत त्याला घेऊन इकडं आली. मी त्याला वस्तादांपुढं उभा केला. सगळं ऐकून घेतल्यावर वस्ताद एवढंच म्हणाले, "म्होरच्याला अडवायचा, हेवढंच न्हवं? उद्या लंगोट घिऊन ये."

त्यानंतर या पोरानं केलेली मेहनत तुम्ही डोळ्यांनी बघितली आहे. जोर, बैठका, कुस्तीच्या हौद्यातली माती उकरणं. पहिल्या आठवड्यात त्याला जिना उतरता येत नव्हता, बसून बसून उतरायचा. पुढं भाऊसो पैलवानाला कंबरेत हात घालून रोखायला लागला. भाऊसो निसटून बगलेला गेला तरी ह्याचा हात आपोआप त्याच्या कंबरेला. वस्ताद खूश, आम्ही खूश, तालमीनं आजचा सत्कार ठरवला, गदासुद्धा घडवायला टाकली. आपल्या मातीचा पोरगा अमेरिकेत जाऊन भल्याभल्यांना रोखणार, याचा आनंद कुणाला होणार नाही?

आणि मग गेल्या रविवारी क्रांतीनं तिकडच्या सामन्याची सीडी लावली.

तालमीतच बसलो होतो सगळे. पडद्यावर एका खेळाडूनं निसटणाऱ्या गड्याला बाजूनं धरला. वस्ताद मांडीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास रं वाघा!" तेवढ्यात पंचानं पिवळा रुमाल फेकला. त्या खेळाडूचा सगळा संघ मागं सरकला. वस्तादांनी विचारलं, "का रं? काय झालं?"

पृथ्वी खाली बघत होता. म्हणाला, "वस्ताद, तळहातानं छातीवर ढकलायचं असतंय. त्यो बगलेला निसटला की धरायचं न्हाय. धरलं की दंड."

भाऊसो म्हणाला, "मग इतकं दिवस त्वांड शिवलंतं व्हय रं तुजं?"

"मला वाटलं ताकद तर येईल, तिकडं गेल्यावर हात आवरीन," पोरगा म्हणाला. "आन् वस्ताद इतक्या जिवानं शिकवत हुतं. कसं सांगू?"

मंडळी, आता कुणाला बोल लावायचा? आम्ही कुणी विचारलं नाही, अडवायचं म्हणजे कसं. आपल्याकडं हातात आलेला गडी सोडणं म्हणजे हरणं. तेच आम्ही मनापासून दिलं.

सोमवारपासून खटपट चालू आहे. भाऊसोच्या छातीला गादी बांधली. पृथ्वीनं ढकलायचं. समोरासमोर छान ढकलतो. भाऊसो बगलेला झाला की हात पुन्हा कंबरेला! वस्तादांनी त्याच्या मुठी फडक्यानं बांधल्या, तर त्यानं कोपरानं आवळला. शेवटी वस्ताद हौद्याच्या कडेला बसले. मला म्हणाले, "आण्णा, शिकिवलेलं काढून कसं घ्यायचं, ते मला कुणी शिकिवलं न्हाय वो."

वस्ताद, तुमची परवानगी न घेता हे इथं बोललो. रागावू नका.

(दारातून कोण ओरडलं? "धर पृथ्वी, सोडू नको!" बाळा, हेच तर... हसू नका हो. तुमची माया आहे, मला कळतं. तोही हसतोय बघा. रात्री उशीत तोंड घालतो, ते मला ठाऊक आहे.)

तर असं आहे. उद्या तो जाईल. पंधरा दिवसांनी निवड. आम्ही इथं फोनजवळ बसू. त्याच्या हातात काय राहिलंय आणि काय गेलंय हे तिथं, ऐन घाईत, त्याचं त्यालाच कळेल. आजोबाला यातलं काही करता येत नाही. मी रोज सकाळी त्याला दूध तेवढं देतो.

तालमीनं परक्या देशातून आलेल्या पोराला आपला मानला, भाऊसोनं स्वतःची तयारी बाजूला ठेवली, आयाबहिणींनी घरोघरी जेवायला बोलावलं, अध्यक्षांनी मला बोलू दिलं. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. सत्काराच्या जागी भलतंच बोललो असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला.

आता गदा वस्तादांच्याच हातून द्यायची आहे. हंबीरराव, उठा. पृथ्वी, पुढं ये बाळा, पाया पड. वस्ताद, पोराच्या डोक्यावर हात ठेवा. आज काही सांगू नका. नुसता हात ठेवा.