पोकळ भिंत

माझा जन्मच विटाइत झाला म्हना. माय भट्टीवर, बाप मिस्त्री, अन् मी पहिल्यांदा रडलो तं बापानं म्हणे ओळंबा लावून पाह्यलं, पोट्टं सरळ हाये का नाही. तेव्हापासून या नागपुरात भिंतीच बांधून राहिलो. इतवारीत माझ्या एका भिंतीले ट्रक धडकला, तं ट्रकचं थोबाड चपटं झालं, अन् भिंतीनं त्याले इचारलं, लागलं का गा? खोटं नाही सांगत. थोडंसंच सांगतो. पण आता जे सांगतो त्यात वरून काही टाकलं नाही.

मिहानकडे, विमानतळापल्याड, एका शाळेचं कंपाउंड होतं, लांबच लांब, दीड पुरुष उंच. रामदासपेठेतून इंजिनीअर मॅडम येत, माझ्या पोरीएवढ्या. त्याइले पाया पाहिजे भिंतीच्या तिप्पट रुंद, अन् पायातून छातीएवढ्या उंच सळया उभ्या. मी म्हटलं, मॅडम, भिंत बांधायची का किल्ला? त्याइनं माझा मोबाइल टेबलावर उभा केला. म्हणे, वरून वजन आलं तं भिंत पेलते, मिस्त्री, पण भूकंपात जमीन आडवी हलते, धक्का भिंतीच्या छातीवर बसते. अन् मारली टिचकी, मोबाइल आडवा. काच गेली, माझी! म्हणून पायानं सळयाइच्या जोरावर भिंतीले धरून ठेवायचं, अन् पाया रुंद यासाठी का भिंतीसंगं तोही कलंडू नये. मी हो म्हटलं. मान हलवाले काय लागते.

पण काय सांगू तुम्हाले, हरेक पोकळ ब्लॉक छातीएवढ्या सळईवरून उचलायचा, मणी ओवल्यावानी खाली सोडायचा, मग पोकळीत काँक्रीट भरायचं. दहा ब्लॉकात कंबर बोंबलाले लागली. मॅडम तीन दिवस बाहेरगावी. मी म्हटलं, नागपुरात कायचा भूकंप बे, इथं उन्हानं माणूस हलते, जमीन नाही. सळईवर पाइप घातला अन् वाकवून एकेक सळई पायावर आडवी झोपवली. वरून रिकामे ब्लॉक, वरून प्लास्टर. मॅडमनं येऊन इचारलं, काँक्रीट भरलं नं? म्हटलं, तोंडोतोंड. आमची शांता तळल्या पोंग्याच्या नळ्याइत आलू भरून पोट्ट्याइले इकते. मीच तिले म्हटलं, आलूपोंग्याची गाडी त्या भिंतीच्या सावलीत लाव वं, नवऱ्याची भिंत हाये, हत्ती टेकला तं हत्ती पडन.

मग एका सकाळी मी दुसऱ्या साइटवर चहा पिऊन राहिलो होतो, तं बशीतल्या चहाले आपोआप लाटा आल्या. जराशा. बाकीचे हसले. मी बशी तिथंच टाकली. सायकल अशी हाणली का विमानतळाजवळ विमान मागं राहिलं. जाऊन पाहतो तं मधली सुट्टी, पोट्टे भिंतीले पाठ टेकवून पोंगे खाऊन राहिले, शांता कढईशी. भिंत उभी होती. पण खाली, पायालगत, केसाएवढी भेग, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी म्हटलं, गाडी हलव वं. शांता म्हणे, काहून? तेल गरम हाये. हलव म्हणतो नं! इथं तं हत्ती पडणार होता नं, म्हणे. आयुष्यभर जे फेकलं ते तिनं एका वाक्यात माझ्या तोंडावर परत फेकलं. मी बोटानं भिंत ठोकली. भरीव भिंत दगडावानी बोलते. हे मडक्यावानी बोलली. शांतेनं माझं तोंड पाह्यलं, झारा तसाच हातात, अन् वरडली, पोट्टेहो, रस्त्यापल्याड या रे, आज पोंगे फुकट!

एक पोट्टं मागं राहिलं नाही.

मॅडमले फोन करून सारं सांगितलं. त्याइनं एवढंच म्हटलं, आधी पाडा. पाडाले दोर लावला, दोघाइनं वढला, अन् सारी भिंत चटई अंथरल्यावानी आडवी. दोघाइनं! आता हसा.

आता तेच भिंत पुन्हा बांधून राहिलो. हरेक ब्लॉक ओवतो, काँक्रीट कोंबतो, ठोकतो, ऐकतो, पुन्हा ठोकतो. काल एक बाजू पुरी झाली. शांतेले म्हटलं, ये आता सावलीत. शांता म्हणे, आधी तुमी पाठ टेकवून एक पोंगा खा, मग येतो. देव त्या शाळेच्या लेकराइले सुखी ठेवो. मी पोंगा घेतो, भिंतीजवळ जातो, पाठ वळवतो, पण टेकवत नाही, उभ्याउभ्याच खाऊन परत येतो.